तबकडीवर नाव घालताना

लेझरनं तबकडीवर नाव घालणारा जुना रायटर तुला माळ्यावर सापडला, सोबत कोऱ्या डीव्हीडींची अर्धी डबी आहे, आणि आता घरातल्या सगळ्या सीडी-डीव्हीडींवर एकसारखी देखणी नावं घालायचा तुझा बेत आहे, असं वहिनी फोनवर म्हणाली. नावं घालायलाच हवीत, त्यात दुमत नाही. पण लेझरवर किती भिस्त ठेवायची ते आधी समजून घे, म्हणून हे सविस्तर लिहून पाठवते. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या मागच्या खिशातून येणाऱ्या सीडी माझ्याच हातून दाखल व्हायच्या. त्यांतल्या कोणत्या टिकल्या, कोणत्या गेल्या आणि का गेल्या, हे मी जवळून पाहिलंय.

सगळ्यात आधी हे ध्यानात घे, की घरात आधीपासून असलेल्या तबकड्यांवर हा रायटर एक रेघही उमटवणार नाही. त्याला वरच्या बाजूनं खास लेप दिलेलीच तबकडी लागते. हे तंत्र एचपीचं. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिसला त्यांच्या डॅरिल अँडरसन या अभियंत्यानं ते शोधलं, 2004 मध्ये कंपनीनं लाइटस्क्राइब या नावानं जाहीर केलं आणि 2005 पासून रायटर आणि तबकड्या दुकानांत दिसू लागल्या. त्याआधी 2002 मध्ये यामाहानं डेटाच्याच बाजूला, उरलेल्या कोऱ्या जागेत चित्र उमटवणारा रायटर काढला होता. पुढे 2005 मध्ये यामाहा आणि फुजीफिल्मनं मिळून लेबलफ्लॅश आणलं. त्यात चित्र वरच्या पृष्ठभागावर उमटत नाही, 0.6 मिलिमीटर आत उमटतं. या दोन पद्धतींच्या तबकड्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, तेव्हा तुझ्या रायटरवर कोणाचं चिन्ह आहे ते पाहा, तेच चिन्ह डबीवर आहे का ते पाहा. लाइटस्क्राइबची तबकडी ओळखायला सोपी असते. नावाची बाजू मंद, सोनेरी-तपकिरी दिसते (नंतरच्या काळात लाल, निळ्या, हिरव्याही आल्या), आणि मधल्या भोकाभोवती बारीक उभ्या खुणांचं एक कडं असतं. त्या खुणा वाचूनच रायटरला कळतं, की तबकडी या क्षणी नेमकी कोणत्या कोनात आहे. म्हणूनच उमटलेलं नाव फिकं वाटलं तर तीच तबकडी परत घालून त्याच अक्षरांवर दुसरा हात देता येतो. अक्षर तसूभरही सरकत नाही. हे मला या तंत्रातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

आधी नेहमीसारखा डेटा लिहायचा, मग तबकडी उलटी करून, नावाची बाजू खाली ठेवून, परत आत सरकवायची. सीडीवर लिहिणारा 780 नॅनोमीटरचा अवरक्त लेझर मग त्या लेपातल्या रंगद्रव्यावर पडतो आणि जिथे पडतो तिथे ते काळवंडतं. आतून बाहेर, एकात एक कड्यांनी काम चालतं. नुसतं नाव असेल तर काही मिनिटांत होतं. पूर्ण तबकडीभर फोटो आणि गडद छटा हवी असेल तर वीस मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या पुढेही वेळ जातो. रंग एकच, फिकट ते गडद एवढ्याच त्याच्या छटा.

लग्नात भांड्यांवर नाव घालून घेतो, ते आठव. सुईनं धातूत टिंब टिंब पाडून घातलेलं नाव तीन पिढ्या घासूनही जात नाही. लेझरनं घातलेलं नाव पाहताना तसंच काहीसं वाटतं, आणि फसगत तिथेच होते. इथे काहीही कोरलं जात नाही. फक्त एका रंगाचा दुसरा रंग झालेला असतो, आणि ज्या लेपाला प्रकाशानं रंग बदलायला शिकवलंय तो पुढेही प्रकाशाला भीतभीतच जगतो. खिडकीशी, गाडीच्या डॅशबोर्डवर, शोकेसमध्ये उजेडात तबकडी राहिली की अक्षरांची धार जाते, काळं करडं होतं, आणि आजूबाजूचा कोरा भागही रंग बदलून अक्षरांत मिसळू लागतो. अंधाऱ्या कपाटात ठेवलेलं नाव मात्र बरीच वर्षं चांगलं राहतं. तेव्हा लेझरचं नाव म्हणजे उजेडात न राहणाऱ्या तबकडीचं नाव, एवढं पक्कं धर.

तरीही मी या पद्धतीला नावं ठेवणार नाही. नाव घालताना तबकडीला जराही इजा होऊ नये, हा निकष लावला तर लेझर पहिल्या नंबरावर येतो. काही चिकटवायचं नाही, काही दाबायचं नाही, शाईतलं काही झिरपायचं नाही. बाकीच्या पद्धतींनी काय होतं ते ऐक.

सीडीचा डेटा खालच्या चमकत्या बाजूला असतो असं सगळ्यांना वाटतं आणि सगळे तीच बाजू जपतात. खरं तर तो नावाच्या बाजूला खेटून असतो. सीडी 1.2 मिलिमीटर जाड. त्यातली जवळजवळ सगळी जाडी खालच्या पारदर्शक प्लॅस्टिकची. त्याच्या वर (घरी लिहायच्या सीडीत) रंगद्रव्याचा थर, त्यावर चकाकणारा धातूचा थर आणि सर्वांत वर केसापेक्षाही पातळ लाखेचा थर. म्हणजे बॉलपेननं जोर देऊन नाव लिहिलंस तर ते टोक डेटाच्याच पाठीत घुसतं. खालच्या बाजूचा लहानसा चरा प्लॅस्टिकवर राहतो, पॉलिश करून निघतोही. वरचा चरा कायमचा.

आमच्याकडे एका संदर्भग्रंथाच्या सीडीवर कुणीतरी गोल कागदी स्टिकर लावला होता. तो एका कडेनं सुटायला लागला म्हणून एका विद्यार्थ्यानं तो पूर्ण ओढून काढला. स्टिकरसोबत चंदेरी थराचा नखाएवढा तुकडा निघून आला. सीडी उजेडासमोर धरली तर त्या जागेतून समोरच्या खिडकीचे गज स्पष्ट दिसत होते. तेवढ्या भागातला डेटा गेला तो गेलाच, आणि बऱ्याच ड्राइव्हना ती सीडी वाचायलाच येईना. म्हणून स्टिकर लावू नये, आणि आधीच लावलेला असेल तर तो कधीही काढू नये. सुटलेली कड हलक्या हातानं परत बसव आणि त्याच दिवशी त्यातला डेटा उतरवून घे.

डीव्हीडीची रचना वेगळी. तिच्यात 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि डेटा मधोमध असतो. त्यामुळे पेनाचा दाब ती थोडाफार सोसते. पण कागदी स्टिकर तिला सीडीपेक्षाही जास्त बाधतो. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि सोबत तबकडीलाही ओढतो. पावसाळ्यात आपल्याकडे हे न सांगता घडतं. डीव्हीडी किंचित जरी वाकली तरी लेझरचा नेम चुकतो. शिवाय जलद वाचताना ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. स्टिकर केसभर जरी एका बाजूला सरकलेला असला तरी ड्राइव्ह घरघरायला लागतो. गाडीतल्या फटीतून सरकवायच्या प्लेअरमध्ये तर सुटलेला स्टिकर अडकून बसतो आणि तबकडी बाहेरच येत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं, म्हणजे एनआयएसटीनं, 2003 मध्ये सीडी-डीव्हीडी जपण्याबद्दल एक मार्गदर्शिका काढली होती. फ्रेड बायर्स यांनी लिहिलेली. आमच्या कामात मी तीच प्रमाण मानली, आणि तूही मान. पाच वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवायच्या तबकडीवर चिकटलेबल नको, असं तिच्यात स्पष्ट म्हटलंय. लिहायचं तर मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या मार्करनं, आणि शक्यतो मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक गोलात, जिथे डेटा नसतोच. उग्र वासाचे मार्कर टाळ. त्यांतलं द्रावण लाखेच्या थरातून खाली उतरू शकतं.

आता तुझ्या डबीबद्दल बोलते, कारण तुझ्या बेताचा निकाल तिच्यावर लागतो.

त्याच मार्गदर्शिकेत कोऱ्या, न लिहिलेल्या सीडी-डीव्हीडींचं आयुष्य पाच ते दहा वर्षं धरलंय. आतलं रंगद्रव्य डबीत पडल्या पडल्याही म्हातारं होतं. एचपीनं लाइटस्क्राइब गुंडाळलं त्याला आता दशक उलटलं. म्हणजे माळ्यावरची तुझी डबी काय किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुणी जुन्या मालातून काढून देईल ती काय, दोन्ही त्या मुदतीच्या पलीकडच्या. वरून कोऱ्या करकरीत दिसतील, राईट करताना तक्रारही करणार नाहीत. पण अशा तबकडीवर घरातली एकुलती एक गोष्ट ठेवायची नाही. तात्यांच्या आवाजातलं रामरक्षेचं रेकॉर्डिंग, तुझ्या बारशाची कॅसेट ज्यावर उतरवली ती डीव्हीडी, यांतलं काहीही त्या डबीत एकटं जाता कामा नये, नाव कितीही सुरेख उमटो.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. लेझरनं नाव घालायला म्हणून आज काहीही विकत घेऊ नकोस. रायटर नको, तबकड्या नकोत, जुन्या मालाला जादा पैसे तर मुळीच नकोत. आहे ती डबी मात्र वाया घालवू नकोस. मूळ गोष्ट हार्ड डिस्कवर नीट ठेवून झाली की तिच्या वाटायच्या प्रती या तबकड्यांवर काढ. काकूला, पुण्याच्या मावशीला, ज्यांच्याकडे अजून टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे आणि पेनड्राइव्ह लावायचं ज्यांना जमत नाही, त्यांच्या हातात आजी-आजोबांचा फोटो उमटलेली तबकडी पडली की त्यांना जो आनंद होतो तो खरा आहे. तेवढ्यासाठी अर्धा तास ड्राइव्ह फिरत राहिला तर राहू दे. घरात लेझरचं खरं काम हेच आहे.

ते करताना थोडी पथ्यं पाळ. डेटा लिहून झाला की तबकडी बंद कर, म्हणजे फायनलाइज कर, आणि ती दुसऱ्या एखाद्या प्लेअरवर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघ. मगच नाव. बिघडलेल्या तबकडीवर अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही. लेप असलेल्या बाजूला बोटं लावू नकोस. बोटाच्या तेलाचा ठसा राहिला की त्या जागी अक्षर डागाळतं. रायटरसोबत आलेली सॉफ्टवेअरची सीडी शोध. कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून ते उतरवून घेऊ नकोस.

मराठी नावांसाठी एक युक्ती आहे. लेबलची जुनी सॉफ्टवेअर्स इंग्रजी अक्षरं नीट घेतात, पण देवनागरीत वेलांटी एकीकडे आणि अक्षर एकीकडे पडतं, जोडाक्षरं फुटतात. तेव्हा नाव आधी दुसरीकडे टाइप करून त्याचं चित्र म्हणून जतन कर आणि ते चित्र लेबलमध्ये घाल. टाइप जाड घे. बारीक टाइपात शिरोरेघ तेवढी उमटते आणि काने-मात्रे फिके पडतात. ‘प’पासून ‘ष’ वेगळा करणारी तिरकी रेघ तर हमखास हरवते. फोटो घालायचा तर गर्दीचा नको. एका चेहऱ्याचा, मोकळ्या पार्श्वभूमीचा फोटो एका रंगात छान दिसतो. लग्नातला पंगतीचा फोटो नुसता करडा गोळा होतो.

आणि लेझरनं नाव घातलेलं असलं तरी आतल्या पारदर्शक गोलात मार्करनं एक नंबर लिहिल्याशिवाय तबकडी हातातून सोडू नकोस. ग्रंथालयात आम्ही त्याला दाखल क्रमांक म्हणतो. तोच नंबर वहीत, आणि वहीत त्याच्यासमोर सगळा तपशील. वरचं नाव उद्या उडालं तरी नंबर राहतो आणि वही बोलते. अख्खं ग्रंथालय या एका सवयीवर उभं असतं, घरातली पन्नास-साठ तबकड्यांची पेटी तर सहज उभी राहील.

वहीत काय लिहायचं, हे मला तबकडीवरच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ‘आजी’, ‘लग्न’, ‘गणपती फायनल’ अशी नावं घालणाऱ्याला पुरतात, दुसऱ्या कुणाला नाही. कोणाची आजी, कोणाचं लग्न? कोण बोलतंय किंवा गातंय, कुठे, कोणत्या साली, रेकॉर्ड कोणी केलं, मूळ कशावर होतं (कॅसेट, व्हीएचएस, मोबाइल), आणि ही तबकडी कधी काढली, एवढं तरी हवंच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. आज त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, म्हणजे ‘परी’च्या, संग्रहात वाचता-ऐकता येतात आणि ओवीसोबत गाणारीचं नाव असतं, गाव असतं. म्हणून ती बाई आपल्याला भेटते. नाहीतर नुसता एक आवाज उरला असता. आपल्या घरातल्या आवाजांनाही तेवढा मान मिळाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आक्काच्या ओव्यांवर नुसतं ‘ओव्या’ लिहिशील तर पुढच्या पिढीला ती आक्का कळणार कशी? हाच तपशील एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून तबकडीच्या आतही ठेव, म्हणजे वही हरवली तरी सोबत राहील.

ठेवण्याबद्दल मार्गदर्शिकेचा आकडा आहे 4 ते 20 अंश सेल्सिअस तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता. आपल्याकडे जुलैमध्ये हे कोणाच्या घरी जमणार नाही, आणि त्यासाठी जीव टाकायचीही गरज नाही. बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, त्यात खालचा खण नको आणि सगळ्यात वरचाही नको. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेव, कडक डब्यांत. एकावर एक चळत रचू नकोस. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत लेझरची तबकडी तर बिलकुल नको, त्याच्यापेक्षा साधं कागदी पाकीट बरं. औषधाच्या बाटल्यांतून, बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेव आणि इथे घाल. डांबराच्या गोळ्या मात्र त्या कपाटात नकोत. साड्यांना चालतात, पण तबकडीच्या कडक प्लॅस्टिकच्या डब्यांना त्यांची वाफ लागते. पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पूस, गोल गोल नको.

इंकजेटनं वर छापता येणाऱ्या पांढऱ्या तबकड्याही मिळतात आणि त्यासाठी वेगळा ट्रे असलेला प्रिंटर लागतो. रंगीत हवं असेल तर तो मार्ग आहे, पण ओला हात लागला की बरीचशी शाई पसरते. हे एवढ्यासाठी सांगितलं, की लेझरला पर्याय म्हणून कोणी तुला तो प्रिंटर घ्यायला लावेल. घरच्या कामाला मार्कर पुरतो. आणि फार वर्षं टिकणारी तबकडी हवीच असेल तर एम-डिस्क नावाची येते, तिचा डेटाचा थर नेहमीच्या रंगद्रव्याचा नसतो. त्यासाठी ती चालणारा रायटर लागतो. पण तबकड्यांचा धंदाच आता आवरता होतोय. सोनीनं कोऱ्या ब्लू-रे काढणं फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं. आपल्याकडची मोझर बेअर, जिच्या सीडी एके काळी घरोघरी असायच्या, ती तर केव्हाच बंद झाली. तेव्हा नवं काही तबकडीवर साठवायला घेऊ नकोस.

तुझा वेळ जुन्या तबकड्या उतरवून घेण्यात घाल, आणि तोही आधी. नावं नंतर घाल. एका बैठकीत पेटी संपवायचा हट्ट नको. रोज चार-पाच लाव. सीडी आधी घे, डीव्हीडी नंतर, कारण सीडीची पाठ उघडी असते. त्यांतही स्टिकर लावलेल्या आणि बॉलपेननं लिहिलेल्या सगळ्यांत पुढे. जी अडखळेल तिला तिथेच सोडून देऊ नकोस, दुसऱ्या ड्राइव्हवर लाव; एक ड्राइव्ह जे वाचत नाही ते दुसरा पुष्कळदा वाचतो. तरीही नाही उतरली तर नंबर घालून बाजूला ठेव, फेकू नकोस. उतरवलेलं सगळं दोन हार्ड डिस्कवर हवं, आणि त्यातली एक तुमच्या घरी नको, दादाच्या घरी. वहीत प्रत्येक नंबरपुढे उतरवल्याची तारीख टाकायला एक रकाना आधीच आखून ठेव.

— आत्या